खाँसाहेबांचा खर्ज आणि हातातला फोन

आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ आपल्या बडोदे संस्थानचे दरबारगायक. १९५० साली ते येथेच पैगंबरवासी झाले. त्यांना समोर बसून ऐकलेली पिढी आता जवळजवळ उरली नाही. उरले ते ध्वनिमुद्रण.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान गायल्या त्या कर्ण्यात. खर्जाचे नाद त्या कर्ण्यातून तबकडीवर नीट उतरतच नसत. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, म्हणून पुढे खाँसाहेबांचा घुमारेदार आवाज तबकडीत सापडला. तोही एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे.

तेच गाणे आज आपण फोनवर ऐकतो. त्याच्या चिमुकल्या स्पीकरला मंद्र सप्तक पेलत नाही. आवाज मोठा येतो, भारदस्त येत नाही. म्हणजे आपण पुन्हा कर्ण्यापाशीच आलो!

फोनची पारख करायची तर चांगले इअरफोन लावून आधी अलीकडचे, नीट मुद्रित केलेले खयालगायन ऐकावे. तानपुऱ्याची खर्जाची तार वेगळी कळते का? डग्ग्याचा घुमार पोहोचतो का? दोन सुरांमधली शांतता स्वच्छ आहे का? मग खाँसाहेब लावावेत. आता खरखर आली तर ती तबकडीची, फोनची नव्हे.

नातवंडांना ऐकवताना आपण एवढे तरी करू या. नाहीतर खाँसाहेबांचा आवाज पातळ होता, असेच ती समजतील. आणि ते खोडून काढायला प्रत्यक्ष ऐकलेले कोणी उरलेले नसेल.