उष्टावण : संस्कार व सावधगिरी

मराठी घरांत उष्टावण हा चांदीच्या वाटीचा व मामाच्या मांडीचा सोहळा मानला जातो. मुळात त्यात वयाचा विवेक होता. आश्वलायन गृह्यसूत्र अन्नप्राशनास सहावा महिना सांगते. काश्यपसंहिता अधिक सूक्ष्म : सहाव्या महिन्यात फळ, आणि दात आल्यावर अथवा दहाव्या महिन्यात अन्न. बालकास भूमीवर बसविण्याचा निराळा संस्कारही तीत आहे.

धान्य दहाव्या महिन्यापर्यंत लांबविणे आज मान्य नाही. सहा महिन्यांनंतर लोहाची गरज केवळ दुधाने भागत नाही. जागतिक आरोग्य सभेने २००१ साली सहा महिने निव्वळ स्तनपान व पुढे पूरक आहार असाच ठराव केला.

त्यास श्रीमंती लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपन्यासारख्या तूर पिकविणाऱ्या मुलखात वरणभात घरोघरी असतो. आधाराने ताठ बसणाऱ्या बाळाच्या मुठीत मऊ शिजलेल्या भोपळ्याची लांबट फोड द्यावी. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, कच्चे गाजर मात्र कदापि नको. उबळ येऊन, खोकून घास बाहेर लोटणे ही शरीराची स्वाभाविक राखण होय. खरे गुदमरणे बहुधा निःशब्द असते. यास्तव घास बाळाच्या हाती गेला, तरी नजर वडीलधाऱ्यांचीच राहिली पाहिजे.