वाहनाच्या मायलेजमधील चढउतार

मायलेज (बोलीभाषेत ‘ॲव्हरेज’) म्हणजे एक लिटर इंधनात वाहनाने कापलेले अंतर. एकाच मोटारीचे मायलेज लागोपाठ दोनदा टाकी भरल्यावर वेगवेगळे येऊ शकते. मोजणीतील त्रुटी, वाहतूक, हवामान आणि इंधनाचे स्वरूप ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. मुंबई उपनगरांत वाहनांचा बराच वेळ कोंडीत जात असल्याने हा फरक विशेष जाणवतो. मात्र केवळ एका टाकीच्या आकड्यावरून वाहनातील बिघाड किंवा पंपावरील मापातील खोट सिद्ध होत नाही.

मोजणीची पद्धत

टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा नोंदवला जातो. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरल्यावर मधल्या अंतराला त्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागतात. दोन्ही वेळी टाकी सारख्याच पातळीपर्यंत भरली, असे यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात नोझलच्या टोकाजवळील छिद्र इंधनाने झाकले गेले की नोझल आपोआप बंद होते. इंधनाचा वेग, फेस, नोझलचा कोन आणि जमिनीचा उतार यांनुसार हा क्षण बदलतो.

समजा, एका गाडीचे खरे मायलेज १५ आहे आणि ४५० किमीनंतर टाकी दीड लिटर कमी भरली गेली. तेव्हा ४५० भागिले २८.५ म्हणजे १५.८ हा आकडा मिळतो. पुढच्या ४५० किमीनंतर टाकी काठोकाठ भरल्यास ३१.५ लिटर लागतात व मायलेज १४.३ दिसते. दोन्ही वेळांचे एकत्रित मायलेज मात्र १५ च राहते. थोडे थोडे इंधन भरणाऱ्यांच्या हिशेबात ही त्रुटी अधिक मोठी दिसते.

वाहतूक व हवामान

अंधेरी-कुर्ला रस्ता, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्ग किंवा बोरिवलीकडे जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग येथे तेवढ्याच अंतराला कधी दुप्पट वेळ लागतो. गाडी उभी असतानाही इंजिन इंधन जाळते. १५ किमीच्या प्रवासास एक लिटर लागत असेल आणि ताशी ०.८ लिटर दराने अर्धा तास कोंडीत गेला, तर मायलेज १०.७ वर येते. उलट, सुटीत मुंबई-नाशिक महामार्गावर झालेला सलग प्रवास त्या टाकीचा आकडा वाढवतो.

घर ते रेल्वे स्थानक अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही व इंधन जास्त लागते. उन्हाळ्यात वातानुकूलनाचा भार वाढतो. पावसाळ्यात काचांवरील बाष्प घालवण्यासाठीही ते चालू ठेवावे लागते. शिवाय अंधेरी भुयारी मार्गासारख्या ठिकाणी पाणी साचले की वळसा पडतो. चाकांत हवा कमी असल्यासही मायलेज घटते.

इंधनाचे स्वरूप

इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के इथेनॉल मिश्रणामुळे ६ ते ७ टक्के घटू शकते. अशी घट एका टाकीपुरती नसते, ती टिकून राहते.

सीएनजी वाहनांचे मायलेज किलोमीटर प्रति किलो असे मोजतात. वेगाने भरताना सिलिंडरमधील वायू तापतो आणि कमी वस्तुमानातच ठरावीक दाब गाठला जातो. पंपावर दाब कमी असल्यासही सिलिंडर पूर्ण भरत नाही. त्यामुळे येथेही ‘पूर्ण भरणे’ दर वेळी सारखे नसते.

पंपावरील माप

पेट्रोल पंपावर प्रमाणित पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक असून ग्राहक त्याद्वारे तपासणीची मागणी करू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक ग्राह्य मानला जातो. मापातील तक्रारी राज्याच्या वैध मापनशास्त्र यंत्रणेकडे करता येतात. मायलेजच्या आकड्यापेक्षा ही तपासणी थेट पुरावा देते.

आकड्यांचा अर्थ

कंपनीने जाहीर केलेले मायलेज प्रयोगशाळेतील ठरावीक चालनचक्रावर मोजलेले असते. पुण्यातील ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणारी एक संस्था आहे. त्यामुळे कोंडीतील मायलेज त्याहून कमी येणे स्वाभाविक आहे. पाच-सहा टाक्यांचे एकूण अंतर भागिले एकूण इंधन ही सरासरी अधिक विश्वसनीय ठरते. मार्ग व वापर तोच असूनही ही सरासरी सतत घसरत राहिल्यास चाकांतील हवा, एअर फिल्टर, ब्रेक व इंजिन यांची तपासणी आवश्यक असते.