प्राथमिक शिक्षकांचे कार्यसमाधान व कार्यताण

आपल्या कामाविषयी माणसाला वाटणारी तृप्ती म्हणजे कार्यसमाधान. कामाच्या मागण्या आणि त्या पेलण्याची साधने यांचा मेळ न बसल्याने येणारा मानसिक व शारीरिक दाब म्हणजे कार्यताण. एक वाढले की दुसरे घटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत तो अपुरा ठरतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतानुसार समाधान प्रत्यक्ष कामातून लाभते, तर असमाधान कामाभोवतीच्या परिस्थितीतून, म्हणजे वेतन, देखरेख, धोरणे यांतून निर्माण होते. हर्झबर्ग यांनी अभ्यासले ते हिशेबनीस आणि अभियंते. तरीही हे विवेचन शाळेला चपखल लागू पडते.

गोव्यातील एकशिक्षकी सरकारी शाळा हे त्याचे बोलके उदाहरण. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला देऊन शिक्षिका चौथीचा भागाकार समजावते, तोवर दुसरीची वही तपासायची राहिलेली असते. मुख्याध्यापक तीच, कारकूनही तीच. माध्यान्ह आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे, भागशिक्षणाधिकारी कार्यालयाची पत्रे, सारे तिच्याच माथी. आजारी पडली तरी बदली शिक्षक मिळेल का, या विवंचनेत ती रजा लांबणीवर टाकते. मात्र अक्षरओळख नसलेले मूल चार वर्षांनी धडाधडा वाचू लागते, हे सुरुवातीपासून पाहण्याचे भाग्यही तिचेच. मोठ्या शाळेतील शिक्षकाला ते क्वचितच लाभते.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार ६० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेतही किमान दोन शिक्षक हवेत. पटसंख्या घटली की नेमका हाच निकष मागे पडतो. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाल्यानंतर मराठी व कोकणी शाळांपुढील पटसंख्येची स्पर्धा अधिक बिकट झाली. विद्यार्थी मिळवण्यासाठी घरोघरी फिरणे आणि शाळा बंद पडण्याची धास्ती हा ताण कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही.

शाळाबाह्य कामांचा प्रश्न स्वतंत्र आहे. याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई करते. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद. अपवादच एवढा ऐसपैस आहे की मनाई नावापुरती उरते. निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले होते. त्याने अध्यापनाचे दिवस वाचतात. शिक्षकाचा विश्रांतीचा दिवस मात्र जातो. एकशिक्षकी शाळेत तर शिक्षिका एक दिवस बाहेर गेली, तरी चारही वर्ग थांबतात.