औंधच्या तैलचित्रांतील तेल

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते आणि 1938 मध्ये त्यांनी गावच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभे केले. रविवर्मा, धुरंधर अशा चित्रकारांच्या कामामुळे हा संग्रह कलेच्या इतिहासात गाजला. पण रसायनाच्या नजरेने पाहिले तर प्रत्येक तैलचित्र म्हणजे कापडावर वाळलेला तेलाचा थर आहे, आणि ते तेल कोणत्या बियाचे हे आज प्रयोगशाळेत तपासता येते. माझे म्हणणे एवढेच आहे की या तपासणीत यंत्राइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्व आकडा ताडून पाहण्याच्या कोष्टकाला असते. आणि ते कोष्टक आपल्या मातीतले नसेल तर अचूक आकडाही चुकीची साक्ष देतो.

याचा धडा तुपाने आधीच दिला आहे. 1879 मध्ये रायकर्ट आणि मायसल यांनी लोण्याची भेसळ ओळखण्याची रीत बसवली: पाच ग्रॅम चरबीचा साबण करायचा, त्यातून पाण्यात विरघळणारी, वाफेबरोबर उडणारी आम्ले वेगळी काढायची आणि ती मारायला किती मिलिलिटर अल्कली लागते ते मोजायचे. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल असते, बियांच्या तेलात जवळजवळ नसते. म्हणून आकडा घसरला की भेसळीचा संशय. आपल्याकडे मात्र सरकी खाणाऱ्या गुरांचे निर्मळ तूपही या कसोटीत खाली उतरते. म्हणून कापूसपट्ट्यातील तुपासाठी किमान आकडा वेगळा, कमी ठरवावा लागला. रीत तीच राहिली, कोष्टक बदलले, आणि प्रामाणिक गवळी भेसळखोर ठरण्यापासून वाचला.

चित्रांच्या बाबतीत हेच घडू शकते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्यातली असंतृप्त आम्ले तुटतात आणि नऊ कार्बनचे अॅझेलाइक आम्ल मागे राहते. पामिटिक आणि स्टिअरिक ही संतृप्त आम्ले या रासायनिक झटापटीतून शाबूत राहतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील जॉन मिल्स यांनी 1966 मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीने या दोहोंचे प्रमाण मोजून तेल ओळखण्याची रीत मांडली: जवसात ते साधारण दीड, अक्रोडात अडीच ते तीन, खसखशीत त्याहून जास्त. आता आपली करडई घ्या. तीही वाळणारी, फारशी न पिवळणारी. आणि तिचे प्रमाणही अडीचच्या आसपास. युरोपचे कोष्टक हाती धरले तर माणदेशातली करडई अक्रोड म्हणून नोंदली जाईल.

कोणी म्हणेल, त्या काळी चित्रकार विलायती नळ्यांतलेच रंग वापरत. मग देशी कोष्टक कशाला? पण नळीतल्या रंगात वरून मिसळलेले तेल कुठले, हे तपासल्याशिवाय गृहीत का धरायचे? दुसरा आक्षेप वजनदार आहे: मिल्स यांचे प्रमाण कायम टिकत नाही. पामिटिक आम्ल काळाच्या ओघात थोडे जास्त उडून जाते, रंगातले धातू आम्लांशी साबण बांधतात, आणि तेलांची मिसळ तर ओळखूच येत नाही. हे सारे खरे आहे. म्हणूनच चित्रकार, साल आणि जागा माहीत असलेल्या चित्रांचे मोल वाढते. वय ठाऊक असल्याशिवाय उडालेल्या आम्लाचा हिशेब कसा लागणार? 2003 पासून चाललेल्या लिपिड मॅप्ससारख्या खुल्या कोशात हजारो रेणूंची रचना मिळते, पण सह्याद्रीच्या हवेत ऐंशी वर्षे वाळलेल्या रंगाचे मोजमाप तिथून कसे मिळेल? चित्रांना इजा होईल ही भीतीही रास्त आहे. त्यासाठी डागडुजीच्या वेळी आपसूक सुटलेली खपली जपून, नोंद करून ठेवावी.

औंधसारख्या संग्रहांनी अशी नोंदवही ठेवावी, आणि सोबत जवस, करडई, तीळ यांचे तारखेनिशी रंगवलेले पट्टे वाळत ठेवावेत. खर्च किरकोळ आहे. आज सुरुवात केली तरच पुढच्या पिढीच्या हाती कोष्टक पडेल.