भूमिपूजनाची कॅसेट

आपल्या सोसायटीच्या दप्तरात ठराव आहेत, पावत्या आहेत, नकाशे आहेत. आवाज मात्र कुठंच नाही. तो निघाला आमच्या अलमारीत. मागच्या दिवाळीची साफसफाई करताना साठ मिनिटांची एक कॅसेट हाती आली. वर आईच्या अक्षरात लिहिलेलं : ‘भूमिपूजन’. बाबांनी त्या दिवशी सोबत टेपरेकॉर्डर नेला होता. बाबा आता नाहीत, टेपही कधीच भंगारात गेला.

आवाज जपण्याची धडपड तशी जुनीच. महात्मा गांधींचा आवाज १९३१ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर नोंदला गेला, तो आजही ऐकता येतो. त्यानंतर पाच वर्षांनी ते आपल्या सेवाग्रामला राहायला आले. विनोबांनी मात्र १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, तेव्हा तिथं यंत्र नव्हतं. साने गुरुजी भराभर लिहून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. शब्द राहिले, आवाज गेला.

सामान्य माणसाच्या घरात आवाज साठवण्याची सोय आली ती कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्ये आणली आणि १९८०च्या दशकात ती आपल्याकडं घरोघरी पोचली. चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद फीत, तिच्यावर लोहाच्या भुकटीचा थर, आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर असा वेग. दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून आणायचो आणि गुंतली की पेन्सिल घालून फिरवायचो, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आमच्या कॅसेटचं काम घरीच करायचं ठरवलं. एका नातेवाइकाकडून चालू टेप आणला. आधी त्याचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. फीत वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली, म्हणून एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून मोकळी केली. आतली स्पंजची पट्टी निखळली होती. स्क्रू असलेलं दुसरं रिकामं खोकं घेऊन फीत त्यात बसवली. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून यूएसबीच्या छोट्या साऊंडकार्डमार्फत लॅपटॉपला जोडली. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाज बेतानं ठेवावा. जास्त झाला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. मूळ प्रत वेव्हमध्ये ठेवावी, मोबाईलवर वाटायला एमपीथ्री. यात घाई चालत नाही. एका तासाच्या कॅसेटला पूर्ण एक तास बसावंच लागतं.

मी बसलो. मंत्र ऐकू आले, नारळ फुटला, पोरांचा गलका. कुणीतरी विचारलं, “इथं विहिरीला पाणी लागते का जी?” अकराव्या मिनिटाला खट्‌ आवाज झाला आणि पुढं रेडिओवरची सिनेमाची गाणी. ती मीच भरली होती, कॉलेजात असताना. कॅसेटच्या मागच्या कडेच्या टिकल्या मोडल्या असत्या, तर त्यावर दुसरं काही भरता आलं नसतं. त्या मोडायचं कुणाला सुचलं नाही आणि कॅसेटवर काय आहे हे मी पाहिलं नाही. बाबांचा स्वतःचा आवाज पुढच्या भागात होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही.

उरलेल्या अकरा मिनिटांत सात जणांचे आवाज होते. मला एकही ओळखता येईना. मोबाईल घेऊन तळमजल्यावरच्या काकूंकडं गेलो. त्यांनी तीन आवाज लगेच सांगितले. चौथ्याला मात्र हात वर करून मला थांबवलं. “थांब रे बाबू. हा त यांचा आवाज होय!” काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. विहिरीचं विचारणारे तेच. काकूंनी ते एक वाक्य पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

तेव्हा लक्षात आलं की फीत वाचवणं हे अर्धंच काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव आणि गाव सोबत लिहून ठेवलं, म्हणून आज ती ओवी कुणाची हे सांगता येतं. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला नुसती खरखर.

तेव्हा विनंती एवढीच. घरात जुनी कॅसेट असेल तर ती फेकू नका, माझ्याकडं आणा. आणताना घरातल्या मोठ्या माणसालाही सोबत आणा. आणि भूमिपूजनाच्या दिवशी जे हजर होते, त्यांनी एकदा येऊन ती अकरा मिनिटं ऐकून जावीत. तीन आवाज अजून ओळखायचे राहिले आहेत.