इरलं, कणगी आणि पाटी

विणकाम म्हटलं की शहरातल्या मराठी घराला लोकरीचा गुंडा आणि दोन सुया आठवतात. हरसूलच्या डोंगरपट्ट्यात वीण असते ती बांबूची. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या गावाभोवती कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत. इथलं जुनं घर बरंचसं विणलेलंच असे. कारवीच्या काठ्या गुंफून कूड उभा करायचा आणि त्यावर शेणमातीचा हात फिरवायचा. आतली धान्याची कणगी बांबूच्या कामट्यांची, तीही शेणाने लिंपलेली. पाखडायचं सूप, भाकरीची टोपली, कोंबड्या झाकायचं डालगं, सगळी एकाच विद्येची लेकरं.

इतरत्र हे काम बुरूड समाजाचं. या पट्ट्यात मात्र ज्याचं घर त्यानेच विणावं, अशी रीत होती.

या विद्येची खरी कसोटी म्हणजे इरलं. भाताच्या आवणीच्या दिवसांत माणूस दिवसभर कमरेत वाकलेला, दोन्ही हात चिखलात. छत्री धरायची कशी? म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं इरलं. बांबूच्या पातळ पट्ट्यांची सहाकोनी जाळी विणायची, तिच्यावर पळसाची किंवा सागाची पानं एकावर एक रचायची, वरून दुसरी तशीच जाळी ठेवून कडा घट्ट बांधायच्या. एक पान जरी उलट्या बाजूने रचलं तरी पाणी आत उतरतं. पुढे प्लास्टिकचा कागद आला, स्वस्त आणि हलका, आणि इरली मागे पडली. कागदाने अंगाला घाम सुटतो. इरल्याखाली वारा खेळतो. हा फरक वाकून भात लावणाऱ्यालाच नीट कळतो.

मात्र वीण मागे पडण्याचा दोष एकट्या प्लास्टिकला देणं अन्यायाचं होईल. हरसूल पूर्वी पेठ संस्थानात होतं. 1878 मध्ये तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर संस्थान इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि त्याच वर्षी वन कायदा आला. पुढे 1927 च्या वन कायद्याने तर बांबूला चक्क झाडांत मोजलं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातला. कायद्याने त्याला साग-शिसवाच्या रांगेत बसवलं. परिणामी तोडायला आणि वाहून न्यायला परवानगी हवी झाली. ज्या घराची भिंत आणि सूप जंगलातून येत होतं, त्या घराला हा फार मोठा घाव होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, आणि 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून बाहेर पडला. 1927 पासून मधे नव्वद वर्षं गेली.

दुसरा बदल घडला तो घरच्या सकाळीत. विणणं कुणी शिकवत नसे, ते शेजारी बसून यायचं. आई नागली दळतेय, चुलीवर भाकरी फुगतेय, उंबऱ्याशी आजोबा कोयत्याने बांबूचा कळक चिरताहेत आणि नातू कामट्या हातात देतोय, हीच शाळा. महाराष्ट्रात 1972-73 पासून शासकीय आश्रमशाळांचं जाळं आदिवासी भागात पसरू लागलं. पाटी-पुस्तक आलं ही मोठीच गोष्ट. सातबारा, वनहक्काचा दावा, दवाखान्यातली चिठ्ठी वाचता येणं इथे जगण्याचा प्रश्न आहे. पण आश्रमशाळा निवासी. जे वय बोटांत वीण उतरण्याचं, त्याच वयात मूल वसतिगृहात गेलं आणि त्याच्या वाट्याची घरची सकाळ हरवली. वाचन आणि विणकाम यांचं वैर नव्हतंच. एकाच छपराखाली दोघांची गाठ पडायला हवी होती.

ती अजून पडू शकते. बांबू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, जून झालेला, तीन-चार वर्षांचा, आणि जुनी माणसं सांगतात तसा अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे कीड लागत नाही. दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच दिवसांत येते. मुलं दप्तर घेऊन घरी आलेली असतात, आणि अंगणात ओला कळक चिरायला घेतलेला असतो.