झेरॉक्स (क्रियापद)

झेरॉक्स हे इंग्रजी भाषेतील एक क्रियापद असून, यंत्राच्या साहाय्याने कागदपत्राची छायाप्रत काढणे हा त्याचा अर्थ आहे. हा शब्द मुळात एका अमेरिकी कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. त्यामुळे त्याचा क्रियापद म्हणून होणारा वापर भाषाशास्त्र आणि कायदा या दोन्ही क्षेत्रांत चर्चेचा विषय ठरला आहे.

व्युत्पत्ती

अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कमधील ॲस्टोरिया येथे स्थिरविद्युत आणि कोरडी भुकटी वापरून पहिली प्रत तयार केली. यात द्रव रसायनांची गरज नसल्याने 'कोरडा' आणि 'लेखन' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून प्रक्रियेला 'झेरोग्राफी' हे नाव मिळाले. रॉचेस्टर येथील हॅलॉइड कंपनीने तिचे हक्क घेऊन 'झेरॉक्स' हे व्यापारनाम तयार केले. १९६१ मध्ये कंपनीने स्वतःचे नावही झेरॉक्स कॉर्पोरेशन असे केले.

१९५९ मध्ये सादर झालेले '९१४' हे यंत्र साध्या कागदावर प्रती काढत असे. ९ × १४ इंचांपर्यंतचा कागद चालत असल्याने त्याला हे नाव मिळाले. ते कार्यालयांत रूढ झाले आणि १९६०च्या दशकात यंत्राचे नाव कृतीलाही लागले.

अर्थ आणि प्रयोग

हे सकर्मक क्रियापद आहे. त्याचे कर्म बहुधा पत्र, पान किंवा पुस्तकातील भाग असते. इंग्रजीत नकलेसाठी अनेक क्रियापदे असली, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. 'कॉपी' हे सर्वांत व्यापक असून हाताने उतरवून घेणे, अनुकरण करणे आणि परीक्षेतील नक्कल या सर्वांना लागू पडते. 'प्लेजराइझ' मध्ये वाङ्मयचौर्याचा दोषारोप असतो. 'झेरॉक्स' केवळ यांत्रिक कृती सांगते. त्यात स्तुती वा निंदा नाही. 'फोटोकॉपी' हा त्याचा नेमका समानार्थी शब्द असून औपचारिक लेखनात तोच अधिक वापरला जातो.

व्यापारचिन्हाचा प्रश्न

एखादे व्यापारचिन्ह त्या प्रकारच्या सर्वच वस्तूंचे सामान्य नाव बनल्यास मालकाचा त्यावरील अनन्य हक्क संपुष्टात येऊ शकतो. अमेरिकेत 'ॲस्पिरिन' आणि 'एस्कलेटर' या नावांचे असेच झाले. म्हणून झेरॉक्स कंपनीने जाहिरातींद्वारे हे नाव क्रियापद म्हणून न वापरण्याचे आवाहन वेळोवेळी केले. शब्दकोशकारांचे काम मात्र प्रत्यक्ष वापराची नोंद करणे हे असल्याने इंग्रजीच्या प्रमुख कोशांत हे क्रियापद आढळते. व्यापारचिन्ह म्हणून त्याचे आद्याक्षर मोठे लिहिले जाते, तर क्रियापद अनेकदा छोट्या लिपीतही लिहिले जाते.

केवळ क्रियापद म्हणून वापर झाल्याने चिन्ह आपोआप रद्द होत नाही. 'गूगल' या नावाविषयीच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१७ मध्ये हेच तत्त्व मांडले. ते नाव लोकांच्या मनात विशिष्ट उत्पादकाशी निगडित आहे की वस्तूच्या संपूर्ण प्रकाराशी, हा निर्णायक प्रश्न असतो. भारतातही व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार प्रचलित भाषेत रूढ झालेल्या शब्दांच्या नोंदणीवर मर्यादा आहेत.

मराठीतील वापर

मराठीत हा शब्द थेट धातू न बनता नाम म्हणून आला आणि त्याला 'काढणे' किंवा 'करणे' ही क्रियापदे जोडली गेली. 'प्रत' या शब्दाप्रमाणे तो बहुधा स्त्रीलिंगी वापरतात, उदा. 'दाखल्याची झेरॉक्स काढली'. त्यातील 'झ'चा उच्चार दंततालव्य, म्हणजे 'माझा' या शब्दातल्यासारखा होतो. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स' हाच शब्द दिसतो. शासकीय व्यवहारात 'छायाप्रत' किंवा 'छायांकित प्रत' हे पर्याय वापरले जातात. 'मुलगा म्हणजे वडिलांची झेरॉक्स' अशा प्रयोगात 'हुबेहूब' असा लाक्षणिक अर्थही आढळतो. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी असा भेद नसल्याने व्यापारचिन्ह आणि सामान्य शब्द यांतील फरक मराठी लेखनात केवळ संदर्भावरूनच कळतो.